हाजी शेदलींना आलेली मेल

नाबुल, १४ एप्रिल

लमजद,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. इथे सगळे खुशाल. नारिंगाच्या फुलांचा बहर जोरात आहे, फुलांचं सुगंधी पाणी काढायची भट्टी पहाटेपासून पेटलेली असते, आईचे गुडघे दुखायचे तसेच दुखतात. तुझी खुशाली विचारत नाही, ती सोमवारी कळली.

सोमवारी मी फुलं घ्यायला बाजारात गेले होते, दुकानात आई एकटी. परतले तर ती हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

"बघ गं नेला, तुझ्या बाबांना कुणी किती मानाने लिहिलंय. हाजी शेदली."

मेल होती. आपल्या वेबसाइटच्या नावाची मुदत अठ्ठेचाळीस तासांत संपतेय, वाढवायची तर खालच्या लिंकवर पासवर्ड भरा. आईने भरूनही टाकला होता.

लमजद, बाबा कधी हजला गेले नाहीत. तीनदा बॅग भरली आणि तीनदा काही ना काही आडवं आलं. तेव्हापासून आई त्यांना घरात चिडवायला 'हाजी' म्हणायची. बाहेर सगळ्या गावाला ते सी शेदली, म्हणजे साधे श्रीयुत. हा शब्द चार भिंतींतला, आणि त्या भिंतींतले आता आपण मोजकेच उरलो आहोत.

ट्युनिसला जिथे आपलं नाव नोंदलंय तिथे फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुमची मुदत अजून दोन वर्षं आहे. आम्ही मेलवर पासवर्ड मागतच नाही. पण आत्ताच कुणीतरी तुमचं नाव दुसरीकडे हलवायची मागणी टाकलीय." त्याने ती रोखली. मागणीतला फोन नंबर वाचून दाखवला. तो मला पाठ आहे. थोडा उशीर झाला असता तर बाबांनी जोडलेली परदेशची सगळी गिऱ्हाइकं ऐन बहरात तुझ्या वेगळ्या थाटलेल्या दुकानात उतरली असती.

काल ती मेल छापून मी फुलबाजारात नेली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. 'हाजी'ला लोक हसले. फुलवाला फौजी म्हणाला, "कसला हाजी? शेदलीने जेद्दाचं विमानसुद्धा पाहिलं नाही." बशीरमामा मात्र हसले नाहीत. त्यांना घरातली थट्टा ठाऊक.

"नेला, हे त्याने केलं?"

मी होकाराची मान हलवली. मामांनी आपल्या तराजूचं पारडं पालथं घातलं, म्हणजे तुला फुलं तोलायची नाहीत. मग फौजीने, मग एकेकाने. शुक्रवारी फुलं घ्यायला ये. जरूर ये, रिकाम्या पोत्यांनी परत जाताना मला तुला बघायचंय. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बाबांनी भट्टी मला दिली याचा तुला राग, तो मला समजत होता. माझ्यावर काढायचा होतास. आईचा लाडाचा शब्द गळाला लावलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता नाव हलवायचं तर माझा आणि मामांचा, दोन्ही फोनवरून होकार लागतो. मुदतीची खरी तारीख भट्टीच्या भिंतीवर रंगवून घेतलीय. आईला बजावलंय की घाई करणारी मेल आली की लिंकला हात लावायचा नाही, आधी नोंदणीच्या जुन्या कागदावरच्या नंबरला फोन. ते पत्र खोटं होतं हेही तिला सांगितलं. कुणाचं, ते नाही सांगितलं. म्हणाली, "असेल खोटं. पण हाजी म्हटलं ना कुणीतरी." मेलचा तो छापील कागद तिने बाबांच्या फोटोमागे ठेवलाय.

दर वर्षीप्रमाणे पहिल्या धारेच्या पाण्याची तुझी बाटली तिने बाजूला काढली होती. ती मी मामांना देऊन टाकली.

एक लिहायचं टाळत होते. पासवर्ड भरताना आई जराही अडखळली नाही, कारण तो बाबांनी ठेवलेला होता. 'लमजद', आणि पुढे तुझा जन्मदिवस. भट्टी मला दिली, पण दुकानाच्या दाराची किल्ली म्हणून बाबा रोज तुझंच नाव लिहीत राहिले. सोमवारी तो शब्द तुझ्या हाती आला, तू तो वाचलास, आणि तरीही ती मागणी टाकलीस.

पासवर्ड मी बदललाय. त्यात तुझं एक अक्षरही ठेवलेलं नाही.

हाजी शेदलींची मुलगी,
नेला