बाहीवाल्यांचा कोट

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. भावजींनाही नमस्कार, पण त्यांनी आशीर्वाद देण्यासाठी उठू नये, गुडघा कसा आहे तेवढं आधी कळवावं. तुझी दाढ काढली की राहिली? इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत. (हे वाक्य सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे गेले अठरा दिवस मला घास गिळवत नाही. पहिले दहा दिवस तर दुकानासमोर गाडी थांबली की मी टांगलेल्या कपड्यांच्या मागे जाऊन उभा राहायचो. तुझी भावजय म्हणायची, खाली चपला दिसतात. पण चपलांवरून माणूस ओळखता येतो असं मला वाटत नाही.)

ते बेपत्ता विमान तुमच्याकडेही टीव्हीवर दिसत असेलच. (म्हणजे दिसत नसेलच, तीच तर बातमी आहे.) त्या विमानात प्रवाशांना चहापाणी देणारा जो माणूस होता, त्याचे कपडे वर्षभर आमच्या लाँड्रीत यायचे. नाव पावतीवर असायचं, पण आम्ही त्यांना बाहीवाले म्हणायचो. काडीसारखा बारीक, हसरा माणूस. कोट टाकताना दर वेळी सांगायचे, "बाहीवर घडी पाडू नका हं, गोल राहू द्या. चहा देताना लोक आधी बाहीच बघतात." मंगळवारी विमान गेलं ते गेलंच. आदल्या शनिवारी त्यांनी कोट टाकला होता आणि गुरुवारी नेणार होते. बुधवारी सकाळी दांडीवर तो कोट दिसला.

गप्प बसायचं सोडून मी हे शेजारच्या औषधवाल्याला सांगितलं. (तू मला लहानपणापासून ओळखतेस.) औषधवाल्यानं ते डोकेदुखीच्या गोळीबरोबर प्रत्येकाला दिलं. तासाभरात दुकानात निम्मी गल्ली जमली. तोपर्यंत प्रत्येकाचं विमानाबद्दल आपापलं मत ठरलेलं होतं. औषधवाल्याच्या मते विमान एका ओसाड बेटावर उतरवलंय आणि माणसं तिथे शहाळी पिऊन जगतायत. न्हाव्याचं म्हणणं, विमान मुळात उडालंच नाही, ते कुठेतरी ताडपत्रीखाली झाकलेलं आहे. भूगोलाचे निवृत्त मास्तर घरून पृथ्वीचा गोल घेऊन आले आणि सुतळीनं अंतरं मोजू लागले. सुतळी कमी पडली तेव्हा त्यांनी माझ्याकडची गाठोड्याची घेतली. खोटं कशाला सांगू, मलाही मजा येत होती. आपल्या इस्त्रीच्या टेबलावर जगाचा गोल ठेवलाय आणि मधे आपण उभे, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग मला चिठ्ठी आठवली. ड्रायक्लीनला टाकण्याआधी आपण खिसे रिकामे करतो. त्या कोटाच्या आतल्या खिशात एक घडी घातलेला कागद निघाला होता. मी तो डब्यात ठेवला होता. तो सगळ्यांसमोर उघडला. वर तीन आकडे, ४११, ६०२ आणि ९१७. खाली लिहिलं होतं, 'तिन्ही मागच्या दारानं न्यायचे. कुणाच्या नजरेला पडू नये.'

ताई, वाफेची इस्त्री नुसती फुसफुसली तरी न्हावी दचकला. मास्तरांनी आकड्यांना कशानं तरी भागलं आणि गोलावर एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे नुसतं निळं पाणी होतं. "इथे," ते म्हणाले. औषधवाल्यानं कोट स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. त्यात तो दोनदा मावला असता. तो म्हणाला, "एवढा ढगळ कोट कशाला लागतो माणसाला? आत काहीतरी लपवायला!" आता तुला एक गोष्ट सांगतो, ती भावजींना सांगू नकोस. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की बाहीवाले तर काडीसारखे, हा कोट त्यांना कसा होईल? पण मास्तर इतक्या ठामपणे बोलत होते, दारात गर्दी होती, आणि संध्याकाळी टीव्हीवाले येणार असा निरोप आला होता. मी ती शंका गिळून टाकली.

टीव्हीवाले आले. मी पांढरा शर्ट घातला. चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली आणि त्या बाईनं विचारलं, "तुम्हाला त्याच्या वागण्यात काही संशयास्पद वाटलं?" मी म्हणालो, "बाह्यांबद्दल फार बोलायचे." बस्स, एवढंच. रात्रभर ते वाक्य माझ्या फोटोखाली लाल अक्षरात फिरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं धाबं दणाणलं. कारण आता ते आकडे ज्यांचे असतील ते मला शोधत येणार, हे उघड होतं. एक काळा चष्मा लावलेला गृहस्थ दोनदा दुकानात येऊन, इकडेतिकडे बघून, "पडदे धुता का?" एवढंच विचारून गेला. (तो पुढे खरोखरच सात पडदे घेऊन आला. मी ते इतकं भीत भीत धुतले की एवढे स्वच्छ पडदे मी आजवर कुणाचे केले नसतील.) तुझी भावजय वैतागून म्हणाली, "तुम्हाला पळवून न्यायला कोण येतंय? ठेवून काय करतील तुमचं?" पण तीही दाराला दोन कड्या घालू लागली होती, हे मी पाहिलं.

दहाव्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई आली. हातात आमची पावती. "मुलाचा कोट न्यायला आलेय," ती म्हणाली. "त्याच्या खणात पावती सापडली. गुरुवारी न्यायचा होता, उशीर झाला."

मास्तर आणि औषधवाला तिथेच बसलेले. पृथ्वीचा गोल टेबलावर. मास्तरांनी हळूच त्यावर कुणाचीतरी चादर टाकली. मला त्या कपड्यांमागे जावंसं वाटलं, पण ती समोरच उभी होती. मी कोट काढून दिला. तिनं तो उलगडला, आणि मग डाव्या बाहीचं अस्तर उलटं केलं. बराच वेळ बोटानं चाचपलं.

"इथे मी टाके घातले होते," ती म्हणाली. "निळा दोरा संपला होता म्हणून काळ्यानं. हा त्याचा कोट नाही."

ती पुढे म्हणाली, "आणि टीव्हीवर तुम्ही दाखवलं ते अक्षरही त्याचं नाही. मी सगळ्यांना सांगतेय. आमच्या घरासमोर लोक येऊन उभे राहतात. एकानं विचारलं, मुलानं जाताना काही सांगितलं होतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं की, दूध उतू जातंय." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी कॉलरखालची नंबराची चिंधी पाहिली, या वेळी चष्मा लावून. पावतीवर ४१७ होतं आणि कोटावर ४७१. निळा रंग तोच, बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या त्याच. ४७१ म्हणजे मोठ्या हॉटेलचा दरवान! मी दुकान तसंच टाकून हॉटेलात धावलो. तिथल्या व्यवस्थापकानं चिठ्ठी वाचली आणि हसत सुटला. ४११, ६०२ आणि ९१७ या खोल्यांमधले कमोड फुटले होते. ते पाहुण्यांच्या नजरेला न पडता मागच्या दारानं बाहेर काढायचे होते. (ज्या जागी मास्तरांनी समुद्रात बोट ठेवलं होतं तिथे, ताई, तीन कमोड होते.) "तरीच," तो म्हणाला, "दरवान म्हणत होता कोट आवळतोय. आम्हाला वाटलं, पोट सुटलं."

मला हसू आलं नाही. कारण आता हे परत जाऊन सांगायचं होतं, आणि खरं सांगतो, पळवून नेणाऱ्यांची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या रस्त्यानं येताना त्या बाईची वाटली. ती तिथेच स्टुलावर बसलेली होती. तुझ्या भावजयीनं तिला पाणी दिलेलं. मी सगळं सांगितलं, अगदी शंका गिळल्याचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे त्या लोकांनाही सांगाल ना?"

सांगितलं. गल्लीत दुकानोदुकानी जाऊन सांगितलं. न्हाव्यानं डोळा मारला आणि म्हणाला, "समजलं. तुम्हाला गप्प बसायला सांगितलंय." टीव्हीच्या कचेरीत गेलो, तर तिथली बाई म्हणाली, चिठ्ठीचा विषय आता जुना झाला, सध्या ढगांवर चाललंय. शेवटी मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर 'कोट दुसऱ्याचा होता, चूक माझी' असं लिहून दुकानाच्या दाराला लावलंय. लोक तो वाचतात, मग माझ्याकडे बघतात आणि हळू आवाजात बोलत पुढे जातात. आता गल्लीचं मत असं आहे की कोट मीच बदलला. मास्तर मात्र दुसऱ्याच दिवशी बाहीवाल्यांच्या आईच्या घरी गेले आणि तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. कुणी विचारायला आलं की भूगोलाचा तास घेतल्यासारखे दरडावून त्याला परत पाठवतात.

ती रोज दुपारी येते. तुझ्या भावजयीशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून देते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. विमानाबद्दल ती एकही प्रश्न विचारत नाही. आम्हीही बोलत नाही. परवा बाहेर कुणीतरी बेटाबद्दल मोठ्यानं बोलत होतं तेव्हा तिनं सुई थांबवली आणि मला विचारलं, "शहाळी असतात का हो अशा बेटावर?" मी म्हणालो, "असतात."

भावजींना औषधं वेळेवर दे. दोघांनी तब्येतीला जपा.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. व्यवस्थापक म्हणाला, त्या दरवानाची बदली त्यांच्याच तुमच्या गावातल्या हॉटेलात झाली आहे, स्टेशनसमोरच्या. बाहीवाल्यांचा कोट तो तिथे अंगात घालून दारात उभा असतो. तू जाऊन तो घेऊन ये. सोबत त्याचा कोट पाठवतोय, तो आणि माझी माफी त्याला दे. भावजींना नेऊ नकोस, ते आधी विमानाबद्दल स्वतःचं मत सांगत बसतील.

ता. क. २ : डाव्या बाहीच्या आत काळे टाके आहेत का ते तिथेच उलटून बघ. नसतील तर मला काय करायचं ते कळणार नाही. बाहीवर घडी पडू देऊ नकोस.

ता. क. ३ : कोट मिळाला की पत्रानंच कळव, फोन करू नकोस. तिनं विमान कंपनीला आमच्या दुकानाचाही नंबर लिहून दिलाय. फोन वाजला की ती हातातला शर्ट खाली ठेवून उभी राहते.