येऊन राहिलेलं अस्वल

ती. खेमराजदादांना भंडाऱ्याहून अंकुशचा नमस्कार. बपेऱ्याला धानाचं चुरणं-मळणं आटोपलं असेल, वहिनींची कंबर बरी असेल आणि तुमची साखर (कोणी पाहत नसताना वाढते ती) आटोक्यात असेल, असं धरून चालतो. फोन सोडून पत्र लिहितो याचं कारण तुमची बहीण. मी दुकानातून कोणाशी काय बोललो ते तिला घरी बसून कळतं, कसं ते देव जाणे.

दादा, मी जळतो आहे, सरळ लिहूनच टाकतो. सहा महिन्यांपूर्वी रंजितानं इथल्या भटकंती मंडळात नाव घातलं. मंडळाचे प्रमुख म्हणजे बँकेत बदलून आलेले पुण्याचे एक सर. (नाव लिहीत नाही, चांगला कागद कशाला खराब करू.) त्यांना पक्षी ओळखता येतात, झाडं ओळखता येतात, आणि भाजी अळणी असली तरी ‘छान झालीय’ म्हणता येतं. मी वीस वर्षं कोशाची पातळं विकतो, डोळे मिटून रेशीम ओळखतो, त्याचं घरात कौतुक नाही. सरांनी मात्र एक पीस उचलून ‘नीलपंख’ म्हटलं की ते पीस थेट आमच्या देवघरात. एक दिवस तर तिनं ‘मला चहा नको’ म्हटलं. जन्मभर ‘मले’ म्हणणारी बाई.

म्हणून मीही मंडळात शिरलो. सराव म्हणून आठवडाभर नवे बूट घालून कारध्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. दम होता तेवढाच राहिला, टाचांना फोड मात्र आले. रविवारी आंबागडाची पहाडी चढलो. सर पुढे, त्यांच्या मागे रंजिता, मग बारा जण, आणि शेवटी मी व माझे फोड. बाकीचे सगळे झऱ्यावर बाटल्या भरायला थांबले तेव्हा कुठे मी पुढे निघून सरांना गाठलं. तेवढ्यात वरून गुरं राखणारा एक म्हातारा ओरडला, “तिकडं नोका जाऊ जी, अस्वल येऊन राहिलं.”

आपल्याकडे याचा अर्थ अस्वल येतंय. पुण्यात याचा अर्थ अस्वल आलं आणि मुक्कामाला राहिलं. सरांचा चेहरा खुलला. जवळपास गुहा असणार, निदान ठसे तरी पाहू, असं म्हणत ते नेमके तिकडेच निघाले. मी काही बोललो नाही. (वारा फार होता, मला नीट ऐकू आलं नाही.) म्हाताऱ्याची दुसरी हाक रंजितानं ऐकली, ती माझ्या अंगावरून धावत गेली आणि सरांचा हात धरून त्यांना खाली ओढत आणलं. अस्वल बोरीच्या झुडपातून निघालं, आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं उतरून गेलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण तो हात, दादा. लग्नाला वीस वर्षं झाली, चारचौघांत तिनं माझा हात एकदा धरला, तोही जत्रेत चप्पल तुटली म्हणून. घरी आल्यावर मी विचारलंच, मला सोडून पुढे काहून गेली. ती म्हणाली, “तुम्हाले समजते, तुम्ही पळालेच असते. त्यायले कोण सांगन?” मग हातातला तांब्या खाली ठेवून माझ्याकडे वळली. “समजलं होतं नं तुम्हाले? मंग काहून नाही बोलले?”

मी वाऱ्याचं सांगितलं. त्याला आज तीन दिवस झाले, घरात अबोला आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा, अजून तरी, जावई
अंकुश

ता. क. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. मी शब्द न् शब्द ऐकला. मनात म्हटलं, जाऊ दे दोन पावलं, जरासा घाबरू दे. दोनाची सहा झाली तरी माझं तोंड उघडलं नाही. त्या माणसाला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं, या विचारानं जेवण जात नाही.

आणखी एक. खरं काम हेच. तुम्ही रंजिताला कळवा की सोयरीक जुळली तेव्हाच जावयाला एका कानानं कमी ऐकू येतं हे तुमच्या कानावर आलं होतं, पण मुलगा चांगला म्हणून तुम्ही बोलला नाहीत. कान डावा सांगा. उजव्या हाताला ती झोपते, आणि बोलत नसली तरी केव्हा बोलेल त्याचा नेम नाही.