गाळलेल्या चौकटी

मंगळवार, संध्याकाळ

देवळाली कॅम्पहून रेखाचा फोन आला. पेपर अवघड गेला म्हणाली. तिला दिसत नाही, म्हणून तिच्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं स्कॅन करून मजकूर मीच तयार केला होता. तिचा मोबाइल तिला तो वाचून दाखवतो. चौकटींतला मजकूर स्कॅनमध्ये विस्कटायचा. "चौकटी गाळ गं, त्या कोण वाचतं," अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. मी गाळल्या. घरात पहिली शिकलेली मी. आईला साधी नोटीस वाचून दाखवतानाही एक ओळ सोडत नाही. मग रेखाच्या चौकटी का सोडल्या?

"ताई, दोन प्रश्न पुस्तकात नव्हतेच ना?" ते प्रश्न सांगून तिने विचारलं.

ते दोन्ही गाळलेल्या चौकटींतलेच होते. मी "नव्हते" म्हटलं.

"तुम्ही म्हणताय म्हणजे नसणारच."