सोपानच्या गोठ्यात न लागलेला पिवळा दिवा

मी, हौशीराम रखमाजी केदारी, वय ७१, आरोग्य खात्यातला माजी कीटक संग्राहक, राहणार वलवण, लोणावळा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नाही, तर डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली म्हणून लिहितो. बुद्धी शाबूत आहे. झोप मात्र उडाली आहे.

१. राहतं घर मुलगी सविता हिला. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, माझी हरकत नाही. फक्त मागच्या खोलीतले माश्यांचे दोन सापळे इतक्यात टाकून देऊ नयेत. एकात पिवळा दिवा, दुसऱ्यात जांभळा. उजेडाकडे आलेली माशी पंख्याने जाळीच्या पिशवीत ओढली जाते.

२. चौदा वर्षांपूर्वी कोणता दिवा वाळूमाश्या जास्त धरतो, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. ही माशी चावून पोरांना मेंदूज्वर होऊ शकतो. एक सापळा माझ्या शेताशेजारच्या सोपानच्या गोठ्यात, एक गावातल्या झुंबरबाईच्या घराच्या भिंतीला, आणि रोज संध्याकाळी जागांची अदलाबदल, असा नियम. सोपानशी माझं बांधावरून वाजलं होतं. त्याच्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही म्हणून पहिल्या दिवशी त्याच्याच हाती देऊन टांगलेला जांभळा सापळा चोवीस दिवस तिथेच राहू दिला. सोपान सकाळी पिशवी कुंपणाला अडकवायचा, मी न बोलता उचलायचो. रजिस्टरात रोज 'जागा बदलली' असं लिहायचो. गोठ्यात गुरांमुळे माश्या होत्याच. श्रेय जांभळ्या दिव्याला मिळालं. पिवळे सापळे मोडीत निघाले.

दोन वर्षांनी झुंबरबाईच्या भिंतीला जांभळा सापळा लावला. एकही माशी सापडली नाही, म्हणून फवारणी झाली नाही. तिची सहा वर्षांची नात प्रतीक्षा तीन दिवसांच्या तापाने गेली. मी मातीला गेलो होतो. तिथेही गप्प बसलो.

३. यंदा त्याच भिंतीला आलटून पालटून दोन्ही दिवे लावले. पिवळ्यात एकतीस, जांभळ्यात दोन. कार्यालय म्हणतं, जुन्या रजिस्टरात उलटं आहे, दोन्ही जागांची पुरी मोजणी आणा. गावोगाव अजून जांभळेच लटकताहेत. सविता, तुला किड्यांची किळस आहे, तरी रोज सापळ्यांची जागा बदलत चोवीस दिवस काढ. माझ्याने गोठ्याची चढण होत नाही.

वादातला बांध सोपानला. तो त्याचाच होता, हे मला मोजणीदाराने तेव्हाच सांगितलं होतं. सोपान, हात जोडतो, गोठा उघड.

४. रजिस्टर झुंबरबाईला. तिला वाचता येत नाही. म्हणून तिला साक्षीला बोलावलं आहे; सगळं मोठ्याने वाचलं जाईल. समोर जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही.

स्थळ: वलवण
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५
सही: हौशीराम रखमाजी केदारी

साक्षीदार १: डॉ. सुश्रुत परांजपे, तळेगाव (सही)

साक्षीदार २: झुंबरबाई सोनू ठाकर, वलवण (अंगठा नाही)

साक्षीदार १ ची नोंद: मी केदारींसमोर हे सगळं वाचून दाखवलं. बाई केदारींना म्हणाल्या, "न्हाई देत अंगठा, भाऊ. आदी तुज्या पायानं सोपानच्या गोठ्यात जा. चोवीस दिस पुरं कर. मी येते संगं, पिशवी धरायला. तवर मरायचं न्हाई." जाताना शाईचं पॅड त्या घेऊन गेल्या.