चाळीस रायफलींची अट

३ ऑक्टोबर १८९४. झरदारा खोरं.

पोचलो. दोन हजार शिपाई, आठ तोफा, नऊशे खेचरं आणि मी. समोर बरामखेल पठाणांचं एकच गाव. गुन्हा: सरकारी तारेचे खांब उपटून घरांना तुळया केल्या.

चौदा नोव्हेंबरला मला बासष्ट पूर्ण होतील. तोवर मेजर जनरलचा लेफ्टनंट जनरल झालो नाही, तर नियमाप्रमाणे घरी. घरी म्हणजे इंग्लंडात, चेल्टनहॅमला. शेजारी माझ्या बायकोचा, मॉडचा, भाऊ, जो फक्त गुलाबांवर बोलतो. छे! लढाई हवी. छोटी चालेल. लढाईशिवाय सिमल्याला खलिता जात नाही आणि खलित्याशिवाय बढती येत नाही.

५ ऑक्टोबर. सकाळी सहा.

आज हल्ला. हात स्थिर. नाश्त्याला तीन अंडी.

सकाळी नऊ. गावचा म्होरक्या मलिक तोरबाझ पांढरं फडकं आणि दोन मेंढ्या घेऊन आला. म्हणतो, शरण आलो. टॅव्हरशॅमला, म्हणजे पठाणांशी बोलणी करणाऱ्या आमच्या अधिकाऱ्याला, आनंदाचं भरतं. मी म्हटलं, ठीक, उद्या लढू. तो म्हणाला, शरण आलेल्यावर तोफ डागता येत नाही, सर. हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

६ ऑक्टोबर.

छावणी पाहिली. लाज वाटली. शिपाई रायफली मनगटाला बांधून झोपतात. काही तर खड्ड्यात पुरून वर अंथरूण घालतात! माझा ब्रिगेड मेजर ओकशॉट म्हणतो, सर, सरहद्दीवर असंच करतात, नाहीतर सकाळी नुसता पट्टा उरतो. मी म्हटलं, ही राणीची फौज आहे, वाण्याचं दुकान नव्हे. हुकूम: रायफली तंबूंबाहेर रचून ठेवायच्या, टोकाला टोक लावून, सरळ रांगेत. दिसायला फार सुरेख.

८ ऑक्टोबर.

अट घातली. सगळे खांब परत, शिवाय पन्नास मेंढ्या, चार दिवसांत. जमणार नाही. मग तोफा.

१२ ऑक्टोबर.

जमलं. खांब उभे, पूर्वीपेक्षा सरळ. मेंढ्या चोपन्न. चार जास्त का, विचारलं. मलिक म्हणाला, एखादी लंगडी निघाली तर साहेबांना पुन्हा तोंड उघडायचे कष्ट नकोत. या लोकांना युद्धाची काही चाड नाही.

निश्चय: लढाई होईपर्यंत ब्रँडी बंद.

संध्याकाळ. गारठा. औषधापुरती घेतली.

१५ ऑक्टोबर.

ओकशॉट म्हणतो, सहा रायफली सापडत नाहीत. नीट मोजा म्हटलं. कारकुनी चूक.

१८ ऑक्टोबर.

ओकशॉट म्हणतो, आता चौदा. कारकुनी चूक वाढते आहे. त्याला बजावलं की लढाई होईपर्यंत आकडे घेऊन माझ्या तंबूत पाऊल टाकायचं नाही. बारीकसारीक गोष्टींत अडकणारा माणूस. याच्या हातून फौज कधी चालायची नाही.

२० ऑक्टोबर.

सुचलं! पठाण मेंढी देईल, खांब देईल, बंदूक देणार नाही. नवी अट: चाळीस मार्टिनी, म्हणजे सरकारी बनावटीच्या रायफली. टॅव्हरशॅम म्हणाला, सर, त्यांच्याकडे मार्टिनी नाहीतच, सगळ्या आजोबांच्या, वातीने पेटणाऱ्या तोड्याच्या बंदुका आहेत. मी म्हटलं, म्हणूनच.

मलिकने तीनदा विचारलं. चाळीसच ना, साहेब? मागून वाढवणार नाही ना? कुठल्या चालतील? मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, सरकारी कारखान्यातल्या, नंबर ठोकलेल्या! मुदत तीस तारीख! तो आमच्या तंबूंच्या रांगेकडे बराच वेळ पाहत राहिला. घाबरला.

मॉडला लिहिलं, शिंप्याला लेफ्टनंट जनरलच्या पोशाखाचं सांगून ठेव. मापं जुनीच. कंबर जरा सैल.

२९ ऑक्टोबर.

मलिक आला. दोन दिवस वाढवून मागतो. म्हणाला, पाच कमी पडतात, साहेब. पोरं जिवाचं रान करतायत, पण थंडीने तुमचे शिपाई हल्ली नीट झोपत नाहीत. शिपायांच्या झोपेचा इथे काय संबंध ते कळलं नाही. उदार मनाने मुदत दिली. मग हल्ला नक्की.

१ नोव्हेंबर.

चाळीस! एकही गोळी न झाडता अख्खी जमात निःशस्त्र केली. मी नेहमीच शांततेच्या बाजूचा होतो. रायफलींसमोर फोटो काढला, एक पाय पुढे. चाळीसही नंबर स्वतः उतरवून सिमल्याला तार केली. ओकशॉट मध्येच म्हणाला, सर, नंबर पाठवण्याआधी जरा... मी म्हटलं, ओकशॉट, आजचा दिवस तुमचा नाही.

५ नोव्हेंबर.

सिमल्याची तार: ‘नंबर तपासले. एकूण एक रायफल आपल्याच ब्रिगेडची. अभिनंदन कोणाचं करावं ते कळवा.’

मलिकला बोलावून चोर म्हटलं. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाला, साहेब, नंबरवाल्या तुम्हीच मागितल्यात. या खोऱ्यात नंबरवाल्या तुमच्याशिवाय कोणाकडे असतात? अट तुमची, मुदत तुमची, वर तुमच्या माणसांनी रचूनसुद्धा ठेवलेल्या. आम्ही शब्द पाळला, आणि आम्हीच चोर? टॅव्हरशॅम पाठ फिरवून डोंगर पाहत होता. खांदे हलत होते. त्याला थंडी बाधते.

७ नोव्हेंबर.

सिमल्याला सविस्तर खुलासा, अकरा पानं. रायफली बाहेर ठेवणं ही पहाऱ्याची परीक्षा होती, जाणूनबुजून घेतलेली. वाचून झाल्यावर खुलासा मलाही पटला. बढती आता फक्त सहीची बाब.

१४ नोव्हेंबर.

सही आली. ब्रिगेड ओकशॉटकडे. त्याच्या पहिल्या हुकुमाने शिपायांनी रायफली पुन्हा मनगटाला बांधल्या. मला घोडागाडी दुपारी दोनला.

निरोपाला एकटा मलिक आला. जाणाऱ्या प्रत्येक साहेबाकडून तो चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी घेतो. कातडी पिशवीत अकरा आहेत, सगळ्या जनरलांच्या. बाराव्यासाठी हात पुढे केला. नाही म्हणावंसं वाटलं. पण तो म्हणाला, खरं तेवढंच लिहा, साहेब. लिहिलं: ‘घातलेली प्रत्येक अट मलिक तोरबाझ याने मुदतीत पुरी केली.’ या मोहिमेचा माझ्या हातचा खलिता म्हणावा तर एवढाच. खाली सही केली.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, नावाखाली हुद्दा घाला, साहेब, नुसत्या नावाला पुढचा जनरल विचारायचा नाही.

घातला. मेजर जनरल. मग जरा थांबून, बारीक अक्षरात, निवृत्त.