नकली पाऊस थांबल्यावर

रोम, मे १९७२

प्रिय लोरे,

हे पत्र घरी न पाठवता पिनामावशीच्या बेकरीवर पाठवते आहे, म्हणून रागावू नकोस. आईच्या हाती पडलं तर ती कौतुकाने तुझ्या कोराडोलाच वाचून दाखवेल. तू हे एकटीने, दार लावून वाच. मी घाबरले आहे, लोरे. खोटं कशाला सांगू, माझं वेडंवाकडं अक्षर बघून तुला ते कळलंच असेल.

"आमची ताई रोममध्ये किंचाळून पोट भरते," असं तू शेजारणींना सांगतेस. आहेच ते खरं. सध्या ज्याला त्याला खुनाचे सिनेमे हवेत. काळे कातडी हातमोजे, लखलखता वस्तरा, देखणी पोरगी, आणि खुनी कोण ते शेवटपर्यंत कळायचं नाही. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नाहीत. नट तिथे वाटेल ते बडबडतात, कुणी आकडे मोजतो, कुणी शिव्या देतो. मग आम्ही अंधाऱ्या खोलीत त्यांच्या ओठांकडे बघून बोलायचं. ओठ वाचायची इतकी सवय झाली आहे की काचेपलीकडची नवराबायकोची भांडणंसुद्धा मला कळतात.

आणि हातमोज्यांतले ते हात खुनी झालेल्या नटाचे कधीच नसतात, नाहीतर चाणाक्ष प्रेक्षक ओळखतील. जो रिकामा सापडेल त्याला हातमोजे चढवतात. ईस्टरच्या जेवणाला तुझा कोराडो काय म्हणाला होता, आठवतं ना? "सासूबाई, नव्या सिनेमात खुनी मीच! थोबाड दुसऱ्याचं, हात माझे!" आईला हसू आवरेना, तिने त्याला ईस्टरच्या गोड पावाचा, पिंझाचा, आणखी एक तुकडा वाढला. मीही हसले. सहायक दिग्दर्शक घरचा जावई होणार म्हणून मीसुद्धा मिरवतच होते की.

परवा तोच सिनेमा माझ्याकडे आला. नेविया नावाची नवी मुलगी आहे, आपल्या त्रिएस्तेचीच. बागेत, भर पावसात तिचा गळा दाबतात. फिल्मचा तेवढाच तुकडा टोकाला टोक जोडून गोल फिरवत ठेवतात, आणि आवाज जुळेपर्यंत आम्ही तेच ते पुन्हा पुन्हा बघतो. एरवी तुकड्याचं नको असलेलं शेपूट कापून देतात. या वेळी संकलकाने घाईत ते कापलंच नव्हतं.

हात गळ्यावर येतात, ती तडफडते. मग दिग्दर्शकाने थांबा म्हटलं असणार, कारण नळ्यांमधला नकली पाऊस बंद होतो. एक दिवेवाला पाव खात खुशाल मागून जातो. आणि हात तिथेच. लोरे, ते ढिले पडत नाहीत, उलट अंगठे आणखी रुततात. नेवियाचे ओठ हलतात. संहितेत तिला तिथे एकही शब्द नाही. ती आपल्या घरच्या बोलीत म्हणते आहे, "सोड ना रे, संपलंय, श्वास कोंडतोय माझा." मग कधीतरी हात सुटतात, ती मटकन खाली बसते, आणि दिवेवाला हसतो. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. लगेच पुन्हा पाऊस, पुन्हा हात.

"अहो नीवेसबाई," ध्वनिमुद्रक ओस्वाल्दो काचेमागून ओरडला, "तिकडे पोरीचा जीव चाललाय आणि तुम्ही तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?" त्याच्या शेजारी कोराडो उभा होता. तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "ताई, शेपूट राहिलंय वाटतं चुकून. कापायला सांगतो हं," तो गोड आवाजात म्हणाला. तेव्हा मी किंचाळले. ओस्वाल्दोने टाळ्या वाजवल्या. निघताना कोराडोने माझा कोट धरला आणि मागून माझी कॉलर सावकाश नीट केली.

घरी येऊन नेवियाला फोन लावला. "गंमत केली म्हणाला तो. सगळे हसले, मग मीपण हसले," म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला. ती सिनेमा सोडून गावी परतली आहे.

मनाची खूप समजूत घातली. म्हटलं, एखाद्याला भान राहत नाही. पण ईस्टरची ती दुपार काही डोळ्यांपुढून जात नाही. स्वयंपाकघरात भट्टी पेटलेली, आई घामाघूम, आणि तुझ्या गळ्याभोवती तो निळा रेशमी रुमाल घट्ट बांधलेला. मी सोडायला गेले तर तू माझा हात झटकलास. "सर्दी आहे गं," म्हणालीस. आवाज घोगरा होता तुझा. मी तुला मध घे म्हटलं.

शनिवारच्या गाडीने कोराडो तुला रोमला न्यायला येतो आहे. मी शुक्रवारी सकाळीच पोचते. तोवर मावशीकडे राहा, आणि तो लवकर आला तरी दार उघडू नकोस. पोशाख शिवून झालाय, चर्च ठरलंय, लोक काय म्हणतील, ते सगळं मी बघून घेईन. आणि तुझी ताई सिनेमे बघून बघून खुळावली आहे असं वाटत असेल, तर स्टेशनवर येऊन तसं तोंडावर सांग. मी ऐकून घेईन, माफी मागेन, तुझ्या लग्नात सगळ्यांच्या आधी नाचेन. फक्त येताना गळ्यात रुमाल नको.

तुझीच,
नीवेसताई