चौदाव्या कॅसेटची शेवटची सात मिनिटं

प्रिय हरिहर,

चारचौघांत मी तुला सर म्हणतो. पत्रात म्हणणार नाही, आज तर मुळीच नाही. कॅसेटींच्या खोक्यात तू ठेवलेली चिठ्ठी मिळाली. ‘क्र. १४, बाजू ब. शेवटची सात मिनिटं गाळावीत. निव्वळ गोंगाट.’ अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्यांना ऐट असलेलं. मांडवीला तुझ्या घरी यायला मला स्कूटरवर दहा मिनिटं लागतात, आणि फोन तर दिवसभर हातातच असतो. तरी लिहायला बसलोय. समोर असलास की तू बोलतोस आणि मी मान डोलावतो, ही आपली चाळीस वर्षांची खोड. कागदावर मला मान डोलावता येत नाही, हे बरं.

आधी कामाचं सांगतो. विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आपल्या कॉलेजचं जे जायचं, आणि तुझ्या समितीनं माझ्या दुकानाकडे दिलंय, त्यातलं बहुतेक स्कॅन करून झालं. एकोणिसशे साठपासूनची नियतकालिकं झाली, स्नेहसंमेलनांचे फोटो झाले, श्रमदान शिबिरांच्या वह्या झाल्या. वाळवीनं खाल्लेली पानं माझ्याकडची मनस्वी चिमट्यानं उचलते, तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही. पंच्याऐंशी सालच्या संमेलनाचा एक फोटो सापडला. तू ढाल घेऊन उभा आहेस, मागे कँटीनच्या दारात मी किटली धरून, चेहरा अर्धा कापलेला, एक कान मात्र स्पष्ट. नोंदीत लिहून आलंय, ‘मागे अज्ञात इसम’. मनस्वी हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. तेव्हा अजून तुझा प्रबंध माझ्या मशीनखाली यायचा होता.

तो कान तुला आठवत असेलच, तुझं सगळं त्याच्यापासून तर सुरू झालं. पोरं काउंटरवर येऊन चहा मागायची आणि मी आतून भजी तळता तळता सांगायचो, हा राजापूरचा, ही खेडची, हा संगमेश्वरचा पण मुंबईत वाढलेला. तू पैजा लावायचास. एकदा गुहागरच्या मुलाला पढवून आणलंस, पुणेरी बोल म्हणून. तो ‘एक चहा द्या’ एवढंच बोलला. मी म्हटलं, गाव गुहागर, पण आजोळ दापोलीकडचं. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच आजोळ आठवायला वेळ लागला. त्या संध्याकाळी तू कँटीनच्या मागच्या कठड्यावर बसलास आणि म्हणालास, सख्या, तुझ्या कानांवर एक पीएच.डी. होईल. मी विचारलं, कुणाची? तू म्हणालास, आपली.

‘आपली’ म्हणाला होतास. माझे कान चांगले आहेत, मघाशी सांगितलंच.

मग तीन वर्षं आपण हिंडलो. सुट्टी लागली की यष्टी, यष्टी संपली की पाय. रेकॉर्डर माझ्या खांद्यावर, कारण तुझा खांदा दुखायचा. बायकांशी बोलायचो मी, कारण तुझ्यासमोर त्या पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या. कोणत्या वाडीत रोपाला काय म्हणतात, बांधाच्या कोणत्या भागाला काय नाव, कुठे आवाज वर जातो, कुठे खाली पडतो, ते मी ऐकून वहीत उतरवायचो. अकरा वह्या झाल्या. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब होती, पण जसं कानाला लागलं तसं लिहिलं. आणि एक नियम मीच घातला होता. बटण दाबलं की तो खटका वाजायचा आणि गाणारी बाई दचकून थांबायची, परत सूर लागायचा नाही. म्हणून ठरवलं, कॅसेट एकदा लावली की ती बाजू संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गाणं संपलं, चहा झाला, कोंबड्या भांडल्या तरी चालू. साठची कॅसेट, तीस मिनिटं एका बाजूला. तू कुरकुरायचास, फुकट जाते म्हणून. मी ऐकलं नाही.

तुझं प्रबंधाचं लिखाण चाललं तेव्हा मी लोट्याला कंपनीत पाळीवर लागलो होतो. एका रविवारी तू आलास, पेढे आणलेस. म्हणालास, इंग्रजीत आहे, तुला वाचता यायचं नाही, पण पहिल्याच पानावर तुझं नाव आहे. कॅसेटींचं विचारलं तर म्हणालास, दमट हवेनं खराब झाल्या. मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या. पुढे कंपनी सोडून कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं मशीन टाकलं, मग बाइंडिंग, मग स्कॅनिंग. आज आठ माणसं कामाला आहेत. त्या सगळ्यांना, गिऱ्हाइकांना, पोरांना, सुनेला मी हेच सांगत आलो, विद्यापीठाच्या लायब्ररीत एक जाडं पुस्तक आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर आपलं नाव आहे. कधी जाऊन पाहिलं नाही. दोस्तानं सांगितलं म्हटल्यावर जाऊन पाहायचं असतं का?

गेल्या मंगळवारी ते पुस्तक स्कॅनला आलं. मनस्वीला म्हटलं, हे मी स्वतः करतो. हात धुऊन बसलो. पहिलं पान केलं, दुसरं केलं, ऋणनिर्देशाचं पान आलं. एवढं इंग्रजी मला आता वाचता येतं. मुंबईच्या गाईड सरांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, तालुक्याच्या यष्टी ड्रायव्हरांचेसुद्धा आभार. मला वाटलं, पान चिकटलं असेल, म्हणून पुन्हा सोडवून पाहिलं. मनस्वी मागे येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, काका, कुठे आहे हो? मी म्हटलं, असेल पुढे. चौथ्या प्रकरणात माझ्या अकरा वह्या आहेत, ओळीनं, तालुक्यांच्या त्याच क्रमानं. फक्त शुद्धलेखन सुधारलेलं. मनस्वीनं न सांगता चहा आणून ठेवला.

तरी तेव्हा मी तुला माफ करून टाकलं होतं, खरंच. म्हटलं, तरुण होता, घाई असेल, गाईड कडक असेल. मी धंद्यातला माणूस, आयुष्यात कोण कुठे आखडतो ते मला कळतं. मग शुक्रवारी तुझ्या ट्रंकेतल्या बावीस कॅसेटी आल्या. खराब झालेल्या कॅसेटी. एकीलाही बुरशी नाही, प्रत्येकीवर जुनं पोलक्याचं कापड गुंडाळलेलं. आणि चौदा नंबरवर तुझी चिठ्ठी.

आता तू म्हणशील, गोंगाट म्हटलं होतं, कापून टाकायचं, ऐकत कशाला बसलास. तू विसरलास की कापायचं कुठून हे पाहायला ऐकावंच लागतं.

सत्त्याऐंशीचा मे महिना. आमचं घर, अलोऱ्याच्या वरच्या अंगाला. गाईड सर पहिल्यांदा आले होते, आणि तू त्यांना एवढंच सांगितलं होतंस की वाडीतल्या एका घरी जायचंय. आई बसून भातलावणीचं गाणं म्हणेना. वाकल्याबिगर गाना येत नाय म्हणाली, आणि मूठभर गवत घेऊन भर उन्हात खळ्यात वाकली, ओळीनं मागे मागे सरकत राहिली. सर बघतच राहिले. कॅसेटवर तिच्या सुरासोबत तिच्या पावलांचा आवाजसुद्धा आहे. तेवीस मिनिटं ती गायली. मग सरांना कोरा चहा चालत नाही म्हणून मी दुधाला खालच्या सरकारी कॉलनीत गेलो. आई आत पाट्यावर खोबरं वाटायला बसली, काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्यासाठी, तुला आवडायचं म्हणून. ओटीवर तुम्ही दोघं. आणि माझ्या नियमाप्रमाणे मशीन चालू.

सर माझ्या वह्या चाळतायत, पानांचा आवाज येतो. मग विचारतात, हे कुणी टिपलंय? इतका बारीक फरक मी आजवर कुठे पाहिला नाही. त्यावर तू थांबतोस. मी मोजलं नाही, पण त्या थांबण्यात एक कोंबडा आरवून होतो. मग तू म्हणतोस, “मीच, सर. तो नुसता मशीन धरतो.”

हेही मी गिळलं असतं रे. पण सरांनी पुढे विचारलं, आणि ही गाणारी बाई कोण? नाव नोंदवलंत? त्यावर तू थांबलाच नाहीस. “असेल वाडीतली कुणी. नाव नाही विचारलं.”

आत पाटा थांबला.

कळतं मला, का म्हणालास. तिचं नाव दिलं असतंस तर आडनावावरून माझं निघालं असतं, आणि सरांनी मला चार प्रश्न विचारले असते. एक झाकायला दुसरं झाकलंस. तीन वर्षं तू तिच्या हातचं जेवलास. तिला आई म्हणायचास, माझ्याहून गोड म्हणायचास. त्याच दुपारी तू तीनदा सांबारं मागून घेतलंस आणि तिनं वाढलं. पुढे ती होती तोवर दर मे महिन्यात तुझ्यासाठी फणसपोळी करायची, आणि माझ्याच हातानं पाठवायची. मी विचारायचो, आये, त्याला एवढी कशाला? ती म्हणायची, ने गप. आता संग्रहाच्या यादीत, चौदा नंबरसमोर तुझ्या समितीनं लिहून पाठवलंय, ‘गायिका : अज्ञात, वय अंदाजे पन्नास’. ती त्रेचाळीस वर्षांची होती, हरिहर.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. तू बोललास त्यात सातांतली चारच मिनिटं गेली. मग तुम्ही दोघं आंब्याची कलमं बघायला उतरलात, आणि ओटीवर कुणी नाही. तुझ्या चिठ्ठीवरून वाटतं, तू पुढचं कधी ऐकलंच नाहीस, चार मिनिटांवर बंद केलंस. किंवा ऐकलंस, आणि म्हणूनच अडतीस वर्षं ती कॅसेट पुसली नाहीस, फेकली नाहीस, कापडात गुंडाळून ठेवलीस. कोणतं खरं ते मला ठाऊक नाही, आणि ते मी विचारणार नाही. उरलेल्या तीन मिनिटांत शेजारची काकी आत आलेली ऐकू येते. ती म्हणते, आयकलास काय गो जने? तुज्या हातचा खातो नि तुला वलकीत नाय. पाटा परत सुरू होतो, सावकाश. आणि आई म्हणते, “सख्याला नको सांगू हां. त्येला येकच दोस्त हाय.” मग माझ्या चपला वाजतात, मी खळ्यातूनच ओरडतो, आये, दूध मिळाला गो. आणि बाजू संपते, खटका. तिच्या गाण्याचे तुकडे कितीतरी आहेत, पण तिचं साधं बोलणं जगात एवढंच शिल्लक आहे. ते मी कापणार नाही. ती बाजू तीस मिनिटं होती तशी चढवली आहे. सोमवारी संग्रह सगळ्यांना खुला होईल, तेव्हा कुणीही ऐकेल. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. माझ्या नावाचं तू बघ, मला आता घाई नाही. पण गायिकेच्या नावाची जागा मी रिकामी केली आहे. ‘अज्ञात’ पुसलंय. तिथे नाव भरायचा अधिकार समितीच्या अध्यक्षाला आहे, म्हणजे तुला. तुला ते विचारायची गरज पडू नये म्हणून लिहून देतो. जनी गोपाळ भुवड. सोमवारच्या आत भर, तुझ्या हातानं. काकीला घातलेला शब्द आईनं स्वतःही पाळला, मला कधीच कळू दिलं नाही.

तुझाच, अजून तरी,
सख्या